घरातली हवा तपासायला दगडफूल टांगलं तर चालते का? (महाल, नागपूर)

तर्रीपोहा, ९ फेब्रुवारी
राम राम मंडळी. प्रश्न थोडा येडपट वाटेल पण पूर्ण वाचा मग हसा. आमचं घर महालात, बडकस चौकाच्या मागच्या बोळीत, जुनं घर, समोर बैठक मग माजघर मग स्वयंपाकघर आणि एकदम मागं आईची खोली. आईला दिवाळीपासून जो खोकला लागला तो जाऊनच नाही राहिला. एक्सरे साफ, रक्त साफ. डॉक्टर म्हणाले घरात धूर कशाकशाचा होतो ते सांगा, आणि मी तिथंच बोटं मोजायला लागलो तर उदबत्ती, धूप, रात्रीची मच्छर कॉइल, फोडणी, कोपऱ्यावरचं ग्रिल-गेटचं वेल्डिंग, बोळीतून जाणाऱ्या गाड्या, एवढं निघालं. आता यातलं नेमकं कोणतं?

मग रात्री वाचता वाचता दिसलं का बाहेरच्या देशात लोक मॉस नाहीतर लायकेन जाळीच्या पिशवीत भरून टांगतात आणि काही आठवड्यांनी हवेत काय काय होतं ते त्याच्यावरून काढतात. लायकेन म्हणजे आपलं दगडफूलच ना? ते तर आमच्या घरी डब्यानं पडलं आहे, आई दर वर्षी काळा मसाला करते. तर प्लॅन असा का प्रत्येक खोलीत एक पुडी टांगायची. कोणी केलं आहे का असं काही?

कुलरवाला_बंटी, ९ फेब्रुवारी
भाऊ घर आहे का मटणाचं भगोनं. बाकी लवंग तेजपत्ता बी टांगा, पाहुणे वासानंच येतील.

वनस्पतीवाल्या_बाई, १० फेब्रुवारी
बंटी, हसू नकोस, पोराचा प्रश्न चांगला आहे. मी तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, आता रोज सकाळी सेमिनरी हिल्सला फिरते आणि झाडांची खोडं बघत उभी राहते म्हणून लोक मला वेडी समजतात, ते असो.

तर्रीपोहा, हो, दगडफूल हे लायकेनच. मराठीत शैवाक म्हणतात पण तो शब्द पुस्तकाबाहेर कोणी वापरत नाही. लायकेन ही एक वनस्पती नाहीच मुळी, ती बुरशी आणि शेवाळ यांची भागीदारी आहे, बुरशी घर बांधते आणि शेवाळ स्वयंपाक करतं असं मी वर्गात सांगायचे. आता मुद्दा हा की यांना मुळं नाहीत, आणि आपल्या झाडांच्या पानांवर जो मेणासारखा थर असतो तोही नाही. म्हणजे पाणी, क्षार, जे काय लागतं ते सगळं हवेतून आणि पावसातून अंगावर घ्यायचं. त्यात निवड नाही, हवेत शिसं असेल तर शिसंही आत. आणि एकदा आत गेलेलं बाहेर टाकायची सोय फारशी नाही. मॉसचंही तसंच, फक्त मॉस ही खरीखुरी छोटी वनस्पती आहे, भागीदारीबिगीदारी नाही. आपण दोन्हीला आणि विहिरीतल्या हिरव्या तवंगालाही सरसकट शेवाळ म्हणतो म्हणून घोळ होतो.

हे ज्ञान जुनं आहे. १८६६ साली विल्यम नीलांडर नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत लायकेन आहेत पण शहरात इतरत्र गायब होत चाललीत, म्हणजे ती हवेच्या शुद्धतेचं माप आहेत. पुढे १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोज यांनी इंग्लंड-वेल्ससाठी ० ते १० अशी पट्टीच केली, झाडाच्या सालीवर कोणती लायकेन दिसतात त्यावरून हवेत सल्फर डायऑक्साइड किती ते सांगायचं. दाढीसारखी लोंबणारी असतात ती सगळ्यात आधी मरतात, सालीला रंगासारखी चिकटलेली सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात. नागपुरात वर्दळीच्या रस्त्यावर तुम्हाला दाढीवाली कधी दिसणार नाहीत. राखाडी चट्टे दिसतील, त्यातलं एक पिक्सिन कोकोज, आपल्या देशातल्या शहरांत बरंच आढळतं, भारी चिवट.

पण दुकानातलं दगडफूल टांगण्यात एक अडचण आहे, ती संध्याकाळी लिहिते, आता नातवाला शाळेत सोडायचंय.

इतवारीचा_बाबू, १० फेब्रुवारी
अडचण मी सांगतो ताई, आमचा धंदाच किराण्याचा आहे. दगडफूल म्हणजे एक माल नसतेच. वरून उत्तराखंडाकडून येते तो बराच माल, जंगलात झाडाच्या फांद्या-खोडावरून खरवडलेला, त्यात चार जातीचे मिक्स असतात, काडी-कचरा, साल सगळं. मग ट्रकमध्ये, गोदामात, मग आमच्या दुकानात उघड्या पोत्यात सहा महिने. इतवारीत उघड्या पोत्यात सहा महिने म्हणजे काय ते समजून घ्या. तुमच्या घरात टांगायच्या आधीच त्यानं अर्धं नागपूर पिऊन ठेवलं आहे.

वनस्पतीवाल्या_बाई, १० फेब्रुवारी
बाबूभाऊंनी माझं काम केलं. अगदी हेच. म्हणून या कामात पहिला नियम असा की त्याच पुडीतला थोडा भाग न टांगता बाजूला बंद डब्यात ठेवायचा, त्याला कंट्रोल म्हणतात. शेवटी टांगलेल्यात किती आणि डब्यातल्यात किती, यांचं गुणोत्तर बघायचं. डब्यातलं नसेल तर सगळा खेळ व्यर्थ.

सेन्सर_सदाशिव, १० फेब्रुवारी
मला एक कळत नाही की दीडशे वर्षं जुनी पद्धत कशाला, चार-पाच हजारात पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा मीटर येते, लेझरवाला, प्लगमध्ये लावा, मोबाईलवर ग्राफ. मी जयताळ्याला तीन खोल्यांत तीन लावून ठेवले आहेत. डब्लूएचओनं २०२१ मध्ये वर्षाची सरासरी घनमीटर हवेला ५ मायक्रोग्रॅम सांगितली, आपल्या देशाचं मानक ४० आहे, माझ्या घरी काय येऊन राहिलं ते मी इथं लिहीत नाही, बायको वाचते.

रसायनवाला, ११ फेब्रुवारी
सदाशिवराव, मीटर किती ते सांगते, काय ते सांगत नाही. तुमचा लेझर कणावर आपटून विखुरलेला उजेड मोजतो, तो कण धुळीचा का काजळीचा का शिशाचा हे त्याला घेणंदेणं नाही. मॉसचं उलटं आहे. मी एका टेस्टिंग लॅबमध्ये आहे (नाव नाही सांगत), आम्ही असं काही आलं का नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून आयसीपी-एमएस नावाच्या धातू मोजायच्या मशीनवर टाकतो आणि कॅडमियम शिसं तांबं जस्त सगळं मिलिग्रॅम प्रति किलोत वेगवेगळं मिळते. पण मग एका शितावरून भाताची परीक्षा नाही होत, तुलनेला नुसत्या ॲसिडचं ब्लँक लागते, माहीत प्रमाणाचं स्टँडर्ड लागते, एका खोलीचे निदान तीन तरी सॅम्पल लागतात, आणि पैसे लागतात. तर्रीपोहा भाऊनं चार खोल्यांचं करायचं म्हटलं तर आईला महिनाभर महाबळेश्वरला ठेवणं स्वस्त पडन.

मॉसनं काय होऊ शकते याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतलं पोर्टलँड. तिथल्या वनखात्याच्या लोकांनी शहरातल्या झाडांवरचं मॉस गोळा केलं, ३४६ नमुने, आणि नकाशावर कॅडमियम टाकलं तर दोन ठिकाणी लालभडक. तिथं रंगीत काच बनवणारे कारखाने निघाले. २०१६ मध्ये बातमी फुटली. मॉसनं दाखवेपर्यंत त्या कारखान्यांजवळ हवेतले धातू मोजणारं सरकारी यंत्र नव्हतं, कारण यंत्र महाग असते, मॉस झाडावर फुकट बसलेलं असते.

गच्चीवरची_बाग, ११ फेब्रुवारी
म्हणजे मॉस घरात ठेवलं तर हवा शुद्ध होते असंच ना? माझ्याकडे मनी प्लांट, स्नेक प्लांट, पीस लिली सगळं आहे, त्यात मॉसची एक फ्रेम भिंतीवर लावली तर? आजकाल मिळतात हिरव्या फ्रेमा.

वनस्पतीवाल्या_बाई, ११ फेब्रुवारी
नाही हो. मोजणं वेगळं आणि साफ करणं वेगळं. थर्मामीटर लावून ताप उतरतो का? कुंडीतली झाडं हवा साफ करतात हा नासाचा प्रसिद्ध प्रयोग १९८९ मध्ये झाला तो बंद पेटीत, आणि तेव्हापासून नर्सरीवाले तो गात आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोघांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशोब पुन्हा मांडला तर निघालं की खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढा फरक झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत कुंड्या लागतील. म्हणजे झोपायचं कुंडीवर. झाडं ठेवा, मला पण आवडतात, पण त्यासाठी नको. आणि त्या फ्रेममधलं मॉस बहुतेक रसायन घालून टिकवलेलं आणि रंगवलेलं असतं.

तर्रीपोहा, २० फेब्रुवारी
मंडळी काम सुरू केलं. बाबूभाऊंचं ऐकून बी दगडफूलच घेतलं कारण आता मॉस कुठून आणू, फेब्रुवारीत नागपुरात हिरवं काय आहे. काडीकचरा निवडला, स्वच्छ पाण्यात तीन वेळा धुतलं, वाळवलं, आईच्या जुन्या मच्छरदाणीच्या जाळीच्या सहा पिशव्या शिवल्या. बैठकीच्या खिडकीत १, माजघरात १, स्वयंपाकघरात गॅसपासून दूर १, देवघराच्या वर १, आईच्या खोलीत १, बाहेर ओट्यावर १. कंट्रोल काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, फ्रीजच्या वर. सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन करून लिहून ठेवलं. दोन महिने ठेवतो. पूर्ण घराला मसाल्याच्या दुकानाचा वास सुटला आहे आणि मांजर बैठकीतल्या पिशवीखाली बसून वर पाहून राहिली.

वनस्पतीवाल्या_बाई, २० फेब्रुवारी
छान. एक लक्षात ठेव, घरात टांगलेल्या लायकेनची ती जिवंत आहे की मेली ही परीक्षा घेऊ नकोस. तुझं तर मेलेलंच आहे. जिवंत आणलं तरी घरात उजेड कमी, दंव नाही, ओलावा नाही, ते हवा खराब नसली तरी मरगळतं. युरोपात २०१९ मध्ये इव्हर्निया नावाचं लायकेन शाळांत आणि घरांत, आत आणि बाहेर असं टांगून बघितलं, त्यात धातू किती साचले ते आणि प्रकाशसंश्लेषण किती उरलं ते असं दोन्ही मोजलं. मॉस बॅगवाले तर बऱ्याचदा मॉस मुद्दाम ओव्हनमध्ये मारूनच टांगतात. मेलेलं मॉससुद्धा धूळ धरतं, त्याच्या पेशीभिंतीच धातूंना चिकटवून घेतात. ही पिशवीची युक्ती १९७१ ची, गुडमन आणि रॉबर्ट्स यांची, वेल्समधल्या स्वान्सीजवळ, तिथे धातू गाळायचे कारखाने होते.

पुणेरी_पाटी, २१ फेब्रुवारी
पुण्यात आघारकर संस्थेत लायकेनवर कित्येक वर्षं काम झालेलं आहे, तिथे विचारलं असतं तर मांजरापर्यंत वेळ आली नसती.

कुलरवाला_बंटी, २१ फेब्रुवारी
आले. मी मोजूनच राहिलो होतो किती दिवसांनी पुणे येते. आमच्या इथं नीरी आहे दादा, १९५८ पासून, हवा-पाण्याचंच काम करते, बसनं दहा रुपयात जाता येते. पण भाऊला स्वतः करून पाहायचं आहे ना.

तर्रीपोहा, २४ मार्च
वाईट बातमी. आईनं कंट्रोल मसाल्यात टाकलं.

म्हणजे झालं असं का मावशी आली होती, दोघींनी वर्षाचा मसाला काढला, दगडफूल कमी पडलं तर फ्रीजवर बरणी दिसली, निवडलेलं धुतलेलं वाळवलेलं, आई म्हणते एवढं साफ दगडफूल मी जन्मात नाही पाहिलं, कोणत्या दुकानातून आणलं. मी काय बोलू. मसाला मात्र झकास झाला आहे हे कबूल करतो.

इतवारीचा_बाबू, २४ मार्च
ओ भाऊ, दहा मिनिटं झाली हसूनच राहिलो, गिऱ्हाईक उभं आहे समोर.

गच्चीवरची_बाग, २५ मार्च
पण मग एक विचारू, हे दगडफूल इतकं सगळं शोषून घेतं तर आपण खातो ते कसं काय? मला आता भीतीच वाटायला लागली.

वनस्पतीवाल्या_बाई, २५ मार्च
प्रश्न रास्त आहे. लायकेन जिथे वाढतं तिथलं सगळं जमा करतं हे खरंच. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर स्कँडिनेव्हियात लायकेनमध्ये किरणोत्सारी सीझियम साचलं, ती लायकेन रेनडिअरनी खाल्ली आणि रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या सामी लोकांना हजारो जनावरांचं मांस फेकावं लागलं. पण रेनडिअर हिवाळाभर तेच खातं. आपण वर्षाच्या मसाल्यात मूठभर घालतो आणि भाजीत चमचाभर मसाला. मी खाते. फक्त हायवेच्या कडेच्या झाडावरून कोणी खरवडून आणलं तर घेणार नाही.

आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी हेही लक्षात घ्यावं की शाळेतला लिटमस कागद, तो रंगही लायकेनचाच. जरा आदराने बघा त्याच्याकडे.

तर्रीपोहा, २१ एप्रिल
दोन महिने झाले, पिशव्या काढल्या. वजनाचा प्रयोग फेल. सकाळी वेगळं वजन, दुपारी वेगळं, कुलर चालू केला का वेगळं. दगडफूल हवेतला ओलावा पिते आणि तेच वजनात येते, धूळबीळ त्याच्यापुढे काहीच नाही. चार दिवस मी काट्यासमोर बसून वैतागलो.

मग रसायनवाला भाऊनं मेसेजमध्ये चुंबकाची आयडिया दिली होती ती केली. प्रत्येक पिशवीतलं दगडफूल वेगवेगळ्या वाटीत, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पाणी, खळखळ हलवायचं, गाळायचं, आणि खालच्या गाळातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जोरदार चुंबक फिरवायचं. आणि काय सांगू मंडळी, आईच्या खोलीतल्या वाटीत चुंबकाला इतकं काळं-तांबडं चिकटलं का दाढीच आली. ओट्यावरच्या पिशवीपेक्षा जास्त! बाहेर बोळीत गाड्या चालून राहिल्या आणि लोखंड आईच्या खोलीत? मला रात्रभर झोप नाही.

सेन्सर_सदाशिव, २१ एप्रिल
हे तर गंभीर आहे. आईच्या खोलीची खिडकी कुठं उघडते? मागच्या बाजूला काही कारखाना, लेथ वगैरे?

तर्रीपोहा, २१ एप्रिल
मागं काहीच नाही, विहीर आणि चिंच. खिडकीत कुलर आहे फक्त.

कुलरवाला_बंटी, २१ एप्रिल
कुलर पत्र्याचा का फायबरचा?

तर्रीपोहा, २१ एप्रिल
पत्र्याचा. बाबांच्या वेळचा. काहून?

कुलरवाला_बंटी, २१ एप्रिल
अरे भाऊ मी वीस वर्षांपासून नागपूरचे कुलर दुरुस्त करून राहिलो. जुन्या कुलरच्या टाकीचा पत्रा खालून सडते, मार्चात लोक पाण्याचा पाईप लावतात, गवत बदलतात आणि चालू, आत ब्रश कोणी मारत नाही. पंखा पहिले आठ दिवस गंजाचे पापुद्रे फेकते, पलंगाच्या चादरीवर तांबडे ठिपके दिसते का नाही पहा. तुझी पिशवी कुठं टांगली होती? कुलरच्या तोंडासमोर?

तर्रीपोहा, २२ एप्रिल
चार फुटांवर. चादरीवर ठिपके आहेत. बंटीभाऊ दंडवत घ्या.

रसायनवाला, २२ एप्रिल
बंटी आमच्या लॅबला ये रे, जागा आहे. पुस्तकात याला स्थानिक स्रोत म्हणतात.

सेन्सर_सदाशिव, २२ एप्रिल
कुलरनं माझंही डोकं खाल्लं आहे, कबूल करतो. कुलर सुरू झाला का माझा मीटर लाल. हवेत ओलावा वाढला का कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला वाटते भल्ला धूर झाला. ८० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला का या स्वस्त मीटरचा आकडा खरा मानू नका. पण भाऊ एक कर, तुझ्याकडे माझा एक मीटर आठवडाभर ने. कुलर बंद ठेवून रात्री पहा. मला कॉइलचा डाऊट आहे.

तर्रीपोहा, ३० एप्रिल
सदाशिवभाऊंचा डाऊट बरोबर. ग्राफ असा का दिवसभर खाली-वर, फोडणीला एक टेकडी, आरतीला एक टेकडी, आणि रात्री साडेनऊला आई कॉइल लावते तिथून थेट डोंगर आणि तो डोंगर पहाटेपर्यंत उतरत नाही कारण दार-खिडकी बंद असते. आणि यातलं माझ्या दगडफुलानं मला एक अक्षर सांगितलं नाही! आईच्या खोलीतलं जरा काळपट दिसत होतं पण मी ते मनाचे खेळ समजलो.

वनस्पतीवाल्या_बाई, ३० एप्रिल
काजळी चुंबकाला कशी चिकटेल रे. तू जे विचारलंस तेवढंच उत्तर मिळालं. आणि वायू तर ही पद्धत तुझ्यासारख्या घरगुती प्रयोगात धरतच नाही, गॅसच्या शेगडीचा नायट्रोजन डायऑक्साइड, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, त्यासाठी पिशवी टांगून उपयोग नाही. कॉइलचं म्हणशील तर २००३ मध्ये एक अभ्यास आला होता, एक कॉइल पूर्ण जळाली की जेवढे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे. आईला मच्छरदाणी लाव. जाळी फाडून पिशव्या शिवल्यास ना, आता नवी आण.

तर्रीपोहा, १ मे
आणली बाई. गांधीगेटजवळून. आईचं म्हणणं मच्छरदाणीत गरम होते. नागपूरचा मे महिना आहे, तिचं बी बरोबर आहे. कुलर घासून रंगवला, आता तो चालवतो आणि मच्छरदाणीची एक बाजू कुलरकडे.

तर्रीपोहा, २८ जुलै
धागा वर काढतो. पाऊस मस्त झाला आणि आमच्या मागच्या विहिरीच्या कठड्यावर हिरवं मखमल आलं आहे. बाईंना फोटो पाठवला.

वनस्पतीवाल्या_बाई, २८ जुलै
भिंतीवरचं मॉस आहे, हायोफिला असावं, आपल्याकडे विटा-चुन्याच्या भिंतीवर सगळीकडे असतं. उन्हाळ्यात याचीच पानं आत वळून काळी होतात आणि लोक मेलं समजून खरवडतात. तू एप्रिलमध्ये त्याच कठड्यावर एक तांब्या पाणी ओतलं असतंस तर तुझ्या डोळ्यासमोर काही मिनिटांत हिरवं झालं असतं. आम्ही मुलांना हे दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढे यायचे.

घ्यायला हरकत नाही, तुमचाच कठडा आहे. थोडं ठेवून घे. अभयारण्यातून मात्र कोणी काही उचलायचं नाही, हे बाकीच्यांसाठी लिहितेय, पेंचला जाऊन पिशवी भरून आणाल. लायकेन वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, काही तर एक मिलिमीटरसुद्धा नाही. तळहाताएवढं दगडफूल तुमच्या वयाचं असू शकतं.

सेन्सर_सदाशिव, २९ जुलै
ऑनलाइन ऑर्किडवाले स्फॅग्नम मॉस विकतात, ते चालते का? सारखा माल मिळन.

वनस्पतीवाल्या_बाई, २९ जुलै
चालतं, उलट या कामात स्फॅग्नमच सर्वात जास्त वापरतात. त्याच्या पेशीभिंतीला धातू फार चिकटतात, आणि पाणी स्वतःच्या वजनाच्या वीसेक पट धरतं, पहिल्या महायुद्धात जखमेवर कापसाऐवजी तेच बांधायचे. युरोपात तर एका प्रकल्पात स्फॅग्नम प्रयोगशाळेत वाढवलं, सगळं एकाच रोपापासून, म्हणजे प्रत्येक पिशवी सारखी. मातीतून उपटलेल्याला आधीचा इतिहास असतो, याला नसतो. तर्रीपोहा, दोन्ही टांग, शेजारी शेजारी.

तर्रीपोहा, ९ ऑगस्ट
टांगलं. यावेळी प्रत्येक जागी तीन-तीन पिशव्या, कुलर माळ्यावर गेला आहे, आणि कंट्रोलच्या बरणीवर चिठ्ठी लावली: खायचं नाही. आई म्हणे विहिरीवरचं शेवाळ कोण खाते, मी काय येडी आहे का.

तर्रीपोहा, ११ ऑक्टोबर
काढलं. आता नीट लिहितो.

चुंबकाला यावेळी सर्वात जास्त चिकटलं ते बैठकीच्या खिडकीतल्या तिन्ही पिशव्यांमध्ये, त्यानंतर ओटा. माजघरात थोडं. स्वयंपाकघर, देवघर आणि आईची खोली जवळपास कंट्रोलएवढीच. म्हणजे जे काही येऊन राहिलं ते समोरून येते आणि माजघराच्या दारापर्यंत दम सोडते. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कृपेनं कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं. काळे चमकणारे गोल गोल मणी, मोहरीसारखे, एकदम गुळगुळीत! मी म्हटलं हे काय उल्का पडली का.

रसायनवाला, ११ ऑक्टोबर
उल्काच शोधणारे लोक याच मण्यांनी फसतात. गोल चुंबकी मणी म्हणजे वितळलेलं लोखंड हवेत उडून थेंब होऊन गोठलेलं. दोन मोठे उगम असतात. एक कोळशाची राख, दगडी कोळसा भट्टीत जळाला का राखेत असे मणी असतात. दुसरा ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. राख असती तर दूरवरून सगळ्या घरावर सारखी बसली असती, ओट्यावर आणि मागच्या विहिरीवर सारखीच. तुमचा कोपऱ्यावरचा ग्रिलवाला किती दूर?

तर्रीपोहा, ११ ऑक्टोबर
पंधरा-वीस पावलं. खिडकी त्याच्याच तोंडाला. ग्राइंडर सकाळी दहा ते रात्री नऊ.

आणि गंमत म्हणजे सदाशिवभाऊंचा मीटर बैठकीत ठेवला होता तेव्हा त्यानं काही खास दाखवलं नव्हतं.

सेन्सर_सदाशिव, १२ ऑक्टोबर
मोठा कण पंखा आत ओढतच नाही नीट, आणि ओढला तरी पीएम २.५ मध्ये धरत नाही. मान्य. माझ्या मीटरनं कॉइल पकडली, तुझ्या शेवाळानं ग्राइंडर पकडला, फिट्टम फाट.

गच्चीवरची_बाग, १२ ऑक्टोबर
आईंचा खोकला कसा आहे ते सांगाल का आधी!

तर्रीपोहा, १२ ऑक्टोबर
कॉइल बंद करून पाच महिने झाले, पावसाळ्यात एकदा सर्दी झाली तेवढी, बाकी रात्रीचा खोकला नाही. डॉक्टर म्हणतात कॉइलमुळेच असं छातीठोक नाही सांगता येणार, ऋतूही बदलला. ठीक आहे.

ग्रिलवाल्याशी भांडायला गेलो नाही, तो बाबांचा मित्र आहे, लहानपणी त्यानंच माझ्या सायकलचं स्टँड जोडून दिलं होतं. मायक्रोस्कोपचा फोटो मोबाईलवर दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला हे मी बी घेऊन राहिलो का श्वासात. त्याचा पोट्टा सोळा वर्षांचा, रुमाल बी न बांधता ग्राइंडर चालवते. आता त्यांनी बोळीकडच्या बाजूला पत्रा लावला आहे आणि ग्राइंडरचं काम आतल्या बाजूला घेतलं, आणि मला म्हणते दुकानात बी दोन पिशव्या टांगून दे.

इतवारीचा_बाबू, १३ ऑक्टोबर
आत घेतलं म्हणजे पोट्ट्याच्या नाकात जास्त जाईल ना भाऊ. पत्रा बोळीसाठी ठीक आहे, दुकानात एक्झॉस्ट आणि तोंडाला चांगला मास्क पाहिजे, रुमालानं काही होत नाही.

तर्रीपोहा, १३ ऑक्टोबर
हे डोक्यातच नाही आलं. आजच सांगतो.

रसायनवाला, १३ ऑक्टोबर
मंडळी दिवाळी तोंडावर आहे. फटाक्यात हिरव्यासाठी बेरियम, लालसाठी स्ट्रॉन्शियम, निळ्यासाठी तांबं असते. इथल्या पाच-सहा जणांनी आपापल्या घरी आत एक बाहेर एक अशा पिशव्या टांगल्या, एकाच बरणीतलं मॉस वापरून, तर मी आमच्या साहेबांना विचारून पाहतो का सुटीच्या दिवशी मशीनवर वीस-पंचवीस सॅम्पल चालवू देतील का. शब्द देत नाही. पण पिशव्या आताच लागतील, फटाके सुरू झाल्यावर नाही, आणि दिवाळीच्या आधीचा एक आठवडा वेगळा टांगावा लागेल तुलनेला.

सेन्सर_सदाशिव, १३ ऑक्टोबर
मी तयार, जयताळा. मीटर बी चालूच ठेवतो.

गच्चीवरची_बाग, १३ ऑक्टोबर
मी पण, नंदनवन, चौथा मजला, बाल्कनी रस्त्याकडे.

वनस्पतीवाल्या_बाई, १३ ऑक्टोबर
माझ्याकडे स्फॅग्नमचं अख्खं पाकीट आहे. सगळ्यांचं धुणं एकाच दिवशी, एकाच पाण्यात व्हायला हवं, नाहीतर तुलना होणार नाही. रविवारी सकाळी आठला माझ्याकडे या, पत्ता निरोपात देते. जाळी कोण आणतंय?

तर्रीपोहा, १३ ऑक्टोबर
जाळी माझ्याकडे आहे, जुनी मच्छरदाणी अर्धी उरली आहे. आई म्हणते पिशव्या ती शिवून देईन, मागच्या वेळी माझी शिलाई पाहून तिला लाज वाटली होती म्हणून.

कुलरवाला_बंटी, १३ ऑक्टोबर
मी पोहे आणतो. बरणीपासून दूर ठेवा.

पुणेरी_पाटी, १४ ऑक्टोबर
पुण्यातून कुरिअरने एक पिशवी मिळेल का? सदाशिव पेठ, दुसरा मजला.

कुलरवाला_बंटी, १४ ऑक्टोबर
मिळन ना दादा. दुपारी १ ते ४ सोडून कधी बी टांगा.